मुलांना घेऊन बेंगळुरूला जायचंय, कोर्टाची परवानगी लागते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळजवळच्या एका गावातल्या या ताई परिचारिका आहेत. दोन वर्षांपूर्वी परस्परसंमतीने घटस्फोट झाला. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा, दोघांचा ताबा आईकडे. वडील मालवणला राहतात. हुकूमनाम्यात लिहिल्याप्रमाणे महिन्यातले दोन रविवार, गणपतीचे पाच दिवस आणि मे महिन्याची निम्मी सुट्टी मुलं त्यांच्याकडे असतात. आता ताईंना बेंगळुरूच्या एका रुग्णालयात नोकरी मिळते आहे. पगार इथल्या दुपटीहून जास्त, आणि सख्खा भाऊ तिथेच राहतो. त्या विचारतात, "ताबा माझ्याकडेच आहे, मग परवानगी कशाला? जूनपासून मुलांना तिकडच्या शाळेत घातलं तर काय बिघडतं?"

ताई, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या कोर्टांत मी सव्वीस वर्षं कौटुंबिक दावे चालवतो आहे. त्या अनुभवातून सांगतो, तुम्ही जाऊ शकाल असं मला वाटतं. पण न विचारता गेलात तर तुमचं चांगलं प्रकरण तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवाल.

तुम्ही स्वतः देशात कुठेही राहा, कुठेही नोकरी करा. तो हक्क राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदानेच दिला आहे आणि माजी पती तो अडवू शकत नाही. मुलांचं तसं नाही. ताबा तुमच्याकडे असला तरी त्याच हुकूमनाम्यात वडिलांचे दोन रविवार लिहिलेले आहेत, आणि त्या कागदाखाली तुमचीही सही आहे. बेंगळुरूला राहून महिन्यातून दोनदा मुलांना मालवणात पोचवणं शक्य नाही. म्हणजे तुम्ही गेलात त्या दिवसापासून दर पंधरवड्याला कोर्टाचा आदेश मोडला जाणार, मग तुमच्या मनात काही वाईट असो वा नसो.

अशिलं मला नेहमी विचारतात, "राज्याची हद्द ओलांडायला बंदी आहे का हो?" पालक आणि पाल्य कायदा १८९० सालचा आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे न्यायालयाने नेमलेल्या पालकाला मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर न्यायचं तर परवानगी घ्यावी लागते. तुमचा ताबा हिंदू विवाह कायद्याखालचा आहे, त्यामुळे ते कलम तुम्हाला सरळ लागू होत नाही. म्हणून फक्त हद्दीकडे बघू नका, अंतराकडे बघा. सावंतवाडीहून पणजी साठेक किलोमीटर, पण राज्य दुसरं. नागपूर आपल्याच राज्यात, पण तिथे पोचायला रात्र आणि वर दिवस जातो. बांद्याच्या पलीकडे म्हापशाला राहायला गेलेल्या एका अशिलाच्या बाबतीत वडिलांचा एकही रविवार चुकला नाही, उलट त्यांना ते सोयीचंच झालं. चार ओळींचा संमतीचा अर्ज दिला आणि काम झालं. न्यायाधीश नकाशावरची रेघ बघत नाहीत. या बदलानंतर मुलं वडिलांना किती वेळा, कशी आणि कुठे भेटणार, हे ते विचारतात. तुमचा सगळा अर्ज या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिला गेला पाहिजे.

अर्ज कुठे करायचा? ज्या न्यायालयाने घटस्फोटाचा हुकूमनामा दिला, तिथेच, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली. घटस्फोट झाल्यानंतरही मुलांचा ताबा, खर्च आणि शिक्षण यांबद्दलचे आदेश वेळोवेळी बदलण्याचा अधिकार त्या न्यायालयाकडे राहतो. मुलांच्या ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. आई-वडील हिंदू नसतील तर पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करता येतो, तो सर्व धर्मीयांना लागू आहे. त्याच्या कलम ९ प्रमाणे मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयात तो चालतो. निकाल विरुद्ध गेला तर वर दाद मागता येते. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत, त्यामुळे त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

एक गोष्ट आधी तपासा. कोर्टाचा हुकूमनामा तुमच्या हातात खरंच आहे ना? विचारायचं कारण असं की आपल्याकडे अजूनही शंभराच्या जुन्या स्टॅम्पवर लिहिलेला फारकतनामा घेऊन बायका येतात. खाली गावच्या चार माणसांच्या सह्या, वर नोटरीचा शिक्का, आणि आत "मुले आईकडे राहतील, बापाचा काही संबंध नाही" असं एक वाक्य. रूढीने झालेली फारकत कायदा मान्य करतो, पण ती रूढी त्या समाजात खरोखर चालत आलेली आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. आणि मुलांबद्दलचं ते वाक्य कोणत्याही न्यायालयाला बांधत नाही. तुमचा कागद असा असेल, तर राज्याबाहेर जायच्या परवानगीआधी ताब्याचाच रीतसर आदेश घ्यावा लागेल.

न विचारता गेलं तर काय होतं, हे एका प्रकरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. शिमग्याच्या सुट्टीत एक आई दोन मुलांना घेऊन गुजरातेत बहिणीकडे गेली ती परत आलीच नाही. नोकरी खरी होती, मुलांना शाळाही चांगली मिळाली होती. वडिलांनी आधी आदेशभंगाचा अर्ज केला, मग ताबा बदलून मागितला, आणि उच्च न्यायालयात मुलांना हजर करण्यासाठी बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिकाही टाकली. आईने तिकडच्या कोर्टात वेगळा अर्ज केला. पण एका राज्यातला दावा दुसऱ्या राज्यात वर्ग करायचा तर सर्वोच्च न्यायालयातच जावं लागतं, आणि तिच्याकडे तेवढा पैसा नव्हता. शेवटी मुलं ऐन डिसेंबरात परत आली. थोरल्याचं शाळेचं वर्ष वाया गेलं. ताबा तिच्याकडेच राहिला, पण बाहेर जायची परवानगी नंतर तिने कितीही मागितली तरी मिळाली नाही. न्यायाधीशांच्या मनात बसलं होतं की ही बाई वडिलांना मुलं दाखवणार नाही. मला खात्री आहे, तिने आधी विचारलं असतं तर तिला परवानगी मिळाली असती. ती माझी अशील नव्हती, मी वडिलांच्या बाजूने होतो. त्या मुलाचा पडलेला चेहरा मला आजही आठवतो, आणि म्हणूनच हे उत्तर इतकं लांबवून लिहितो आहे.

तुमच्या बाजूने काय आहे, ते आता बघू. २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे जवळजवळ तुमच्यासारखंच प्रकरण आलं होतं. परस्परसंमतीने घटस्फोट, मुलगा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क, आणि आईला ऑस्ट्रेलियात नोकरी. न्यायमूर्ती सुमारे दहा वर्षांच्या त्या मुलाशी स्वतः बोलले. मूल की नोकरी, यांतलं एक निवड असं आईला सांगता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. परवानगी मिळाली आणि वडिलांच्या भेटी नव्याने आखून दिल्या गेल्या. तुमच्या वकिलांना हा निकाल माहीत असेल, नसेल तर आठवण करून द्या. म्हणून "चांगल्या नोकरीसाठी जाते" हे सांगताना संकोच करू नका. मुलांचं हित सर्वोपरी, असं १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचं कलम १३ सांगतं. आईचा पगार, घरातला आधार, आईचं मन थाऱ्यावर असणं, हे सगळं त्या हितातच येतं.

फक्त ते कागदावर दिसू द्या. नियुक्तीपत्र, पगाराचा आकडा, राहायच्या घराचा करार किंवा भावाचं शपथपत्र, शाळेत जागा मिळत असल्याचं पत्र. आणि परिचारिकेला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे रात्रपाळी असेल तेव्हा मुलांजवळ कोण? माझ्या अनुभवात अर्ज इथेच अडतात. "भाऊ-वहिनी आहेत" एवढं पुरत नाही. वहिनी नोकरीला जाते का, घर किती खोल्यांचं, शाळा सुटल्यावर मुलांना कोण आणणार, हे लिहून द्या. पहिलं वर्षभर दिवसपाळी देऊ असं रुग्णालयाने लेखी दिलं, तर तो कागद फार मोलाचा ठरेल.

आता भेटींची आखणी. इथे घाई करू नका, कारण प्रकरणाचा जीव इथेच आहे. तुमच्या जुन्या अटी इथल्या शाळेच्या सुट्ट्या धरून लिहिलेल्या आहेत. कर्नाटकातली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मे अशी असते आणि शाळा जूनच्या सुरुवातीच्या सुमारास भरते. आपल्याकडे मात्र जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. "मे महिन्याची निम्मी सुट्टी" तशीच ठेवलीत तर पहिल्याच वर्षी भांडण होईल. त्याऐवजी "शाळेला सुट्टी लागल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसापासून तीस दिवस" असं लिहा. तिकडे दसऱ्याला मोठी सुट्टी असते, इकडे दिवाळीला. दसऱ्याची सुट्टी पूर्ण वडिलांना द्या आणि दिवाळी आलटूनपालटून ठेवा.

आणि गणपती. ताई, कोकणातल्या बापाला तुम्ही दोन रविवार कमी देऊ शकता, गणपती नाही. तिकडच्या शाळांना चतुर्थीची सुट्टी बहुधा एकाच दिवसाची, आपल्याकडे गौरी-विसर्जनापर्यंत घर भरलेलं. माझ्या एका प्रकरणात बोलणी तीन तारखा अडून होती. समुपदेशकांच्या खोलीत वडिलांबरोबर आजीही आली होती. ती एवढंच म्हणाली, "माका चवथीक नातवंडां बघूक गावतली काय?" आईने तिथल्या तिथे लिहून दिलं की दर वर्षी गणपतीला मुलं पाच दिवस गावी येतील, शाळेतून रजा ती काढेल, आणण्याची जबाबदारीही तिची. पुढच्या अर्ध्या तासात सगळं मिटलं. हुकूमनाम्यातले तुमचे पाच दिवस जसेच्या तसे राखा, आणि हे अर्जाच्या पहिल्याच पानावर येऊ द्या.

येण्याजाण्याचंही तितकंच बारकाईने लिहा. बेंगळुरूहून रात्रीची पंचगंगा एक्सप्रेस सकाळी कारवारला येते, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ. किंवा बेळगाव-आंबोलीमार्गे बस. पावसात आंबोली घाटात दरड आली की रस्ता बंद होतो आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही अटींमध्ये कोणी ते लिहीत नाही. लिहा, की नैसर्गिक कारणाने प्रवास रद्द झाला तर तेवढे दिवस पुढच्या सुट्टीत भरून मिळतील. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होतं आणि गणपतीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात. म्हणून तिकीट कोणी काढायचं, पैसे कोणी द्यायचे, मुलांसोबत कोण बसायचं आणि कोणत्या स्टेशनवर ताबा द्यायचा, हे नाव घालून ठरवा. माझा सल्ला असा की जायचा निर्णय तुमचा आहे, पगारही वाढतो आहे, तर निदान एका बाजूचं भाडं तुम्ही उचला. न्यायाधीशांना ते दिसतं, आणि समोरच्याचा रागही थोडा उतरतो. वडील बेंगळुरूला येतील तेव्हा शनिवार-रविवार मुलं त्यांच्यासोबत राहतील, अशीही अट घाला.

रोजच्या बोलण्याचं विसरू नका. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ज्या पालकाकडे ताबा नाही, त्याला मुलांशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, आणि शक्य असेल तर व्हिडिओ कॉल उत्तम. वडील मासेमारीला पहाटे समुद्रात जात असतील तर रात्री नऊची वेळ त्यांना झोपेची. त्यांच्या धंद्याला जमेल अशीच वेळ ठरवा. फोन तुमच्या हातात धरून, समोर बसून मुलांना बोलायला लावू नका. मुलं कानकोंडी होतात.

एक सौदा मात्र करू नका. "मी पोटगी सोडते, तू मुलं नेऊ दे." माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या अर्जांत हे कुठेतरी दडलेलं असतं. मुलांच्या खर्चाची रक्कम मुलांची आहे. ती सोडायचा अधिकार तुम्हाला नाही आणि न्यायालय अशा करारावर सहसा शिक्का मारत नाही. उद्या वडिलांचाच मुलांशी असलेला धागा त्यामुळे तुटतो, तेही मी पाहिलं आहे. खर्च देणं बंद केलेला बाप हळूहळू फोन करणंही बंद करतो.

शाळेबद्दल दोन गोष्टी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पहिली ते आठवीच्या मुलाला राज्याबाहेरच्या सरकारी वा अनुदानित शाळेतही बदली मागता येते. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि तो उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वडिलांची हरकत आहे असं सांगून इथली शाळा दाखला अडवत असेल तर हे कलम दाखवा, पण कोर्टाची परवानगी हातात आल्यावरच. शाळेच्या कागदावरून खोटेपणा उघडा पडतो. कर्नाटकात कन्नड शिकावीच लागते. मुलगा सहाचा, तो सहज शिकेल. मुलगी चौथीतली, तिला पहिलं वर्ष जड जाईल, शिकवणीची सोय आधी बघा.

पुढचं मात्र कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. मुलगी दहावी-बारावी तिकडून झाली तर महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अडचण येते, कारण त्यासाठी सर्वसाधारणपणे दोन्ही परीक्षा इथून आणि अधिवास इथला लागतो. आरक्षणाचंही तसंच. कुणबी किंवा अन्य मागासवर्गाचा इथला दाखला दुसऱ्या राज्याच्या सवलती मिळवून देत नाही. वडिलांकडची कागदपत्रं जातपडताळणीला लागतात, आणि ती बहुतेक वेळा त्यांच्याच गावच्या शाळेत आणि तलाठ्याकडे असतात. अशा वेळी घरात बोलणं चालू असलेलं बरं. तुमच्या मुलांना अजून वेळ आहे, पण आठवी-नववीतलं मूल असतं तर मी दहावी होईपर्यंत थांबा म्हटलं असतं.

मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला न्यायाधीश चेंबरमध्ये बोलावून विचारतील असं धरून चाला. समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं. तिला पढवू नका. शिकवून पाठवलेलं मूल पहिल्या दोन वाक्यांत कळतं, कारण ते मोठ्यांचे शब्द वापरतं. एका मुलीने "माझ्या सर्वांगीण विकासासाठी" असं सांगितलं होतं, तेवढ्याने त्या आईचा अर्ज सहा महिने मागे गेला. तिला फक्त खरं सांगा, की आपण जाण्याचा विचार करतोय, बाबा भेटत राहतील, आणि तुला काय वाटतं ते मोकळेपणाने सांग. ती "मला नाही जायचं" म्हणाली तरी रागावू नका. कदाचित तिला मालवणातली मैत्रीण सुटण्याची भीती असेल, कदाचित बाबांची. ते ऐकून त्याप्रमाणे अटी बदलता येतात.

वेळेचा हिशेब चुकवू नका. उन्हाळ्यात दिवाणी कोर्टांना सुट्टी असते. जूनची शाळा गाठायची तर दिवाळी संपताच अर्ज गेला पाहिजे. वडिलांना नोटीस, त्यांचं म्हणणं, मध्यस्थी, मग सुनावणी, यात सहज चार-सहा महिने जातात. रुग्णालय तेवढं थांबत नसेल तर तुम्ही आधी रुजू व्हा. मुलं वर्ष पूर्ण होईपर्यंत आजीकडे राहतील आणि वडिलांच्या भेटी चालू राहतील, असं लेखी द्या. याने तुमचं प्रकरण कमजोर होत नाही. उलट वर्ष मोडू नये म्हणून आई स्वतः दूर राहिली, हे कोणालाही दिसेल.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही माहिती देतात.

नोटीस पाठवण्याआधी मुलांच्या वडिलांना एकदा भेटा. एकट्या नको, दोघांना मान असलेलं कोणीतरी सोबत घ्या, मामा चालेल, शाळेचे जुने गुरुजी चालतील. नोकरीचं पत्र, गणपतीचा लेखी शब्द आणि सुट्ट्यांची तारीखवार यादी समोर ठेवा. ते हो म्हणाले तर दोघांच्या सहीचा संमतीचा अर्ज करा, एक-दोन तारखांत आदेश होईल. नाही म्हणाले तर का म्हणाले ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. वकिलांकडे येताना ती वही, हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल आणि गेल्या दोन वर्षांत मुलं वडिलांकडे कधी कधी गेली त्याच्या तारखा, एवढं घेऊन या. चुकलेल्या तारखाही लिहा, तुमच्यामुळे चुकलेल्यासुद्धा.